ग्राफिक्स कार्ड घेताना जीबी बघायचे की मेगाहर्ट्झ?

लग्नसराईचे पैसे हातात आले की तालुक्याच्या गावातले फोटो-व्हिडिओवाले जिल्ह्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर मार्केटला चक्कर मारतात. एडिटिंगचा पीसी अडकत असतो, ग्राफिक्स कार्ड टाकायचं असतं. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती जीबीचं देऊ?" खोक्यावर दुसरा आकडा असतो मेगाहर्ट्झचा, म्हणजे क्लॉक स्पीडचा. एकात मेमरी जास्त, दुसऱ्यात स्पीड जास्त, दर जवळपास सारखा. इथंच गिऱ्हाईक गोंधळतं आणि मोठा आकडा बघून पैसे मोजून येतं.

दोन्ही आकडे खरे असतात, पण अर्धवट. शेतातला पंप डोळ्यांसमोर आणला की लवकर उमजतं. कार्डाची मेमरी म्हणजे हौद. क्लॉक म्हणजे मोटरचे फेरे. मोटरच्या फेऱ्यांइतकाच पंपाला किती स्टेज आहेत यालाही अर्थ असतो, तसे कार्डात कोर असतात. आणि हौदापासून मोटरपर्यंतचा पाइप, त्याला मेमरी बँडविड्थ म्हणतात. हौद कितीही मोठा बांधला आणि पाइप दीड इंचीच ठेवला तर धार वाढत नाही. दुकानात या पाइपाबद्दल कुणी विचारत नाही, आणि फसगत बहुतेक वेळा तिथंच होते.

पाइपाचा हिशेब सोपा आहे. मेमरी बस किती बिटांची ते बघायचं, त्याला मेमरीच्या गिगाबिट वेगानं गुणायचं आणि ८ नं भागायचं. सेकंदाला किती जीबी जातात ते निघतं.

एनव्हिडियाच्या जीटी १०३० या छोट्या कार्डावर हा हिशेब लावून बघा. २०१७ साली ते आलं तेव्हा त्यात जीडीडीआर-५ मेमरी होती, ६४ बिट, ६ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी याच नावानं डीडीआर-४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. मेमरी तीच २ जीबी, कोर तेवढेच ३८४, क्लॉक १४६८ वरून १३७९, म्हणजे फक्त सहा टक्के कमी. पण बँडविड्थ १६.८ जीबी, जवळपास तिसरा हिस्सा! बऱ्याच गेममध्ये नवं कार्ड जुन्याच्या निम्म्यावर आलं. खोक्यावर नाव तेच, जीबी तेच.

त्याआधीच्या जीटी ७३० चं तर विचारूच नका. एका नावाखाली तीन वेगवेगळी कार्डं विकली गेली. त्यातलं ६४ बिट डीडीआर-३ वालं १४.४ जीबीवर चालतं, जीडीडीआर-५ वालं सुमारे ४० जीबीवर. आजही जुन्या बाजारात "४ जीबीचं आहे, घेऊन टाका" म्हणत डीडीआर-३ वालं गळ्यात मारतात. त्या कार्डाला ४ जीबी म्हणजे दीड इंची पाइपामागे तळं बांधल्यासारखं.

उलटं उदाहरणही आहे. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं कार्ड, ४ जीबी जीडीडीआर-५, बूस्ट क्लॉक १६६५. २०२० मध्ये त्यातच जीडीडीआर-६ मेमरी टाकली आणि क्लॉक १५९० वर उतरवला. नुसता मेगाहर्ट्झ बघणारा म्हणेल, जुनं बरं. प्रत्यक्षात बँडविड्थ १२८ वरून १९२ जीबी झाली आणि नवं कार्ड जास्त पळालं.

स्पीडच्या आकड्याचं काय?

क्लॉकची तुलना एकाच चिपच्या दोन कार्डांत करायची, वेगळ्या चिपांत नाही. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचा बूस्ट क्लॉक २८१५ मेगाहर्ट्झ आहे, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० चा १७७७. आकडा बघून पहिलं घ्यावंसं वाटतं. पण त्याच्यात १०२४ कोर, ४ जीबी मेमरी आणि १४४ जीबी बँडविड्थ, तर ३०६० मध्ये ३५८४ कोर, १२ जीबी आणि ३६० जीबी. दोन कंपन्यांचे कोर एकास एक मोजता येत नाहीत हे खरं, तरी एवढी तफावत क्लॉकनं भरून निघत नाही. शिवाय ६५०० एक्सटीमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ व्हिडिओ तयार करणारा भागच नाही. लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्यानं ते घेणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

आरटीएक्स ३०६० घेतानाही सावध राहावं लागतं. नंतर याचंच ८ जीबीचं कार्ड आलं. कोर तेवढेच, क्लॉक तेवढाच, पण बस १९२ वरून १२८ बिटांवर आणि बँडविड्थ २४० जीबीवर आली. चार जीबी कमी झाले एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं, पाइप बारीक झाला ते दिसत नाही.

खोक्यावर "ओसी" लिहिलेल्या कार्डासाठी जादा पैसे मागितले जातात. १७७७ च्या जागी १८३७ मेगाहर्ट्झ म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आतला फरक. आणि तोही कार्ड थंड राहिलं तर. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पीसी चालतो तेव्हा कार्ड तापून स्वतःच क्लॉक खाली आणतं. त्या पैशांत कॅबिनेटला दोन चांगले पंखे बसवले तर जास्त उपयोग.

हौद केव्हा कमी पडतो

मेमरी पुरेशी असेल तोवर जादा जीबी रिकामेच पडून राहतात. आरटीएक्स ४०६० टीआय २०२३ मध्ये ८ आणि १६ जीबीत आलं. बाकी चिप तीच. फुल एचडीवरच्या साध्या गेममध्ये दोन्हींत फरक जाणवत नाही. पण मेमरी भरली की गाडी एकदम रुतते. कारण कार्डाला मग मदरबोर्डवरच्या रॅमकडे जावं लागतं, आणि तो रस्ता जुन्या पीसीआय ३.० बोर्डवर १६ लेननं सेकंदाला साधारण १६ जीबीचा. ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत, म्हणजे ४ जीबीच्या आसपास.

व्हिडिओवाल्यांनी इथं हिशेब मांडावा. ४के फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल असतात. दा विंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर ३२ बिट अचूकतेनं काम करतं, तेव्हा एक फ्रेम सुमारे १३३ एमबी जागा घेते. फुल एचडीची फ्रेम ३३ एमबी. नॉइज रिडक्शन लावलं की मागच्या-पुढच्या फ्रेमही मेमरीत धराव्या लागतात, वर इफेक्टचे थर. ४ जीबीचं कार्ड ४के ला "जीपीयू मेमरी भरली" असा निरोप देतं तो त्यामुळे. तिथं क्लॉक दुप्पट असला तरी काम पुढं सरकत नाही. ४के करणाऱ्यानं ८ जीबीच्या खाली उतरू नये, १२ असेल तर उत्तम. घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवून बघणाऱ्या पोरांनाही जीबीच आधी लागतात: सात अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटांत १४ जीबी मागतं, ४ बिटांत आवळलं तर चार-पाच जीबीत बसतं. फुल एचडीवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला मेमरी थोडी लागते, तिथं कोर आणि क्लॉक कामाला येतात.

फ्लेक्स बोर्डवाले, सेतू केंद्रवाले, टॅलीवाले यांना बहुतेक वेळा वेगळं कार्ड लागतच नाही. कोरलड्रॉ अडकतं ते रॅम कमी म्हणून किंवा जुनी हार्डडिस्क म्हणून. आधी एसएसडी टाकून बघावी.

घेण्याआधी

ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप गावाकडे खूप विकले जातात. त्यांच्या एसएमपीएसला कार्डाची वेगळी पिन बहुधा नसते, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात. अशा डब्यात १३० वॉटचं आरटीएक्स ३०५० (८ जीबी) चालणार नाही. ७० वॉटचं ६ जीबीवालं चालेल, पण ते ९६ बिटांचं, १६८ जीबीचं, कोरही कमी. आणि कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइलचंच घ्यावं लागतं. पट्टीनं मोजूनच दुकानात जावं.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं ढिगानं बाजारात उतरली. त्यातली काही चांगली निघतात. पण जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचं बायोस बदलून "जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी" म्हणून खपवण्याचे प्रकारही झाले आहेत. पैसे देण्याआधी दुकानातच कार्ड लावून जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवायला सांगावं. त्यात मेमरीचा प्रकार, बस किती बिटांची आणि बँडविड्थ किती, तिन्ही एकाच खिडकीत दिसतात. एनव्हिडियाचं बनावट कार्ड असेल तर बऱ्याचदा नावापुढे तसा शेराही येतो. खिडकीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि पक्क्या बिलावर मॉडेलसोबत मेमरीचा प्रकार व सिरीयल नंबर लिहून घ्यावा. नुसतं "४ जीबी ग्राफिक्स कार्ड" एवढंच लिहिलेलं बिल घेऊन निघू नये.