सुपरमॅनची मिशी आणि माझा चुकलेला प्रश्न

२०१७ चा ‘जस्टिस लीग’ बघितला असेल तर त्यातल्या सुपरमॅनचा वरचा ओठ आठवून बघा. काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं ना? तो बोलायला लागला की नाकाखालचा भाग रबरासारखा हलतो. त्यामागची हकिकत अशी : मूळ चित्रीकरण झाल्यावर दिग्दर्शक बदलला आणि बरेच प्रसंग पुन्हा चित्रित करायचं ठरलं. तोवर हेन्री कॅव्हिलने ‘मिशन इम्पॉसिबल’च्या पुढच्या भागासाठी मिशी वाढवली होती. तो सिनेमा दुसऱ्या स्टुडिओचा, त्यांनी मिशी काढू दिली नाही. मग सुपरमॅन मिशीसकट कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि मिशी नंतर संगणकावर पुसली. पुसली म्हणजे काय, तर बोलताना हलणारा अख्खा ओठ आणि गालाचा काही भाग नव्याने बनवावा लागला. प्रदर्शनाची नोव्हेंबरची तारीख मात्र जागची हलली नाही.

आता सांगा, इथे कमी कुठे पडलं? पैसा होता, संगणक होते, काम येणारी माणसंही होती.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये मुख्य प्रश्न होता : महागड्या सिनेमांमधले संगणकीय इफेक्ट्स खोटे का वाटतात? मला तो फार भारी वाटत होता. माझ्या गाईड मॅडमनी पेन्सिलने त्याखाली रेघ ओढली आणि विचारलं, “तुला जे दिसलेच नाहीत, ते इफेक्ट्स तू कुठे मोजलेस?” मी गप्प. कारण माझ्या यादीत फक्त मला खटकलेली दृश्यं होती. जे उत्तम जमतं ते इफेक्ट म्हणून नजरेतच येत नाही. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ (२०२२) बघून आपण सगळे म्हणालो, वा, सगळं खरंखुरं! त्या सिनेमात इफेक्ट्सचे सुमारे २,४०० शॉट्स आहेत. तुम्ही किती ओळखलेत? मी नमुना निवडला नव्हता, तक्रारी गोळा केल्या होत्या. हा घोळ तुमच्याही विषयात होऊ शकतो, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

मग तुलना कशाची करायची? मला सुचलेला मार्ग म्हणजे कंपनी एकच ठेवायची आणि सिनेमे बदलायचे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक घ्या. १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ त्यांचा. २००१ च्या ‘द ममी रिटर्न्स’मधला स्कॉर्पियन किंगही त्यांचाच, आणि तो आजही हशा पिकवतो. २००६ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधला डेव्ही जोन्स पुन्हा त्यांचाच, ऑस्कर मिळवणारा. मधल्या आठ वर्षांत संगणक कितीतरी पुढे गेले, तरी १९९३ चा डायनासोर पटतो आणि २००१ चा राजा पटत नाही. म्हणजे ‘तंत्रज्ञान तेव्हा कच्चं होतं’ हे उत्तर बाद.

‘जुरासिक पार्क’मध्ये संगणकाने बनवलेले डायनासोर पडद्यावर साधारण सहा मिनिटं आहेत, फक्त सहा. बाकी डायनासोर स्टॅन विन्स्टनच्या चमूने बनवलेले, सेटवर प्रत्यक्ष उभे असलेले यांत्रिक प्राणी. पावसात भिजलेल्या कातडीवर उजेड कसा पडतो, हे बघायला खरी वस्तू समोर होती. डेव्ही जोन्सच्या बाबतीत बिल नाय राखाडी कपडे घालून खऱ्या सेटवर, इतर नटांच्या सोबत, त्याच उजेडात काम करत होता. त्याचा चेहरा नंतर बदलला, पण प्रकाश, अंतर, नजर हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

आता उलटं चित्र बघा. मागे काय येणार हे ठरलेलं नाही. वाळवंट असेल, अवकाश असेल, नंतर बघू. अशा वेळी छायाचित्रकार काय करणार? निळ्या-हिरव्या पडद्यासमोर सगळीकडून सारखा, बेचव उजेड टाकणार, म्हणजे पुढे काहीही मागे लावता येईल. सहा महिन्यांनी मागे मावळतीचा सूर्य येतो, पण नटाच्या चेहऱ्यावर मावळतीचा लवलेश नसतो. सावली पायाला चिकटत नाही. आपल्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण डोळा फसत नाही. ‘कॅट्स’ (२०१९) तर प्रदर्शित झाल्यानंतर काही दिवसांत त्याची दुरुस्त केलेली प्रत थिएटरांना पाठवावी लागली!

तेव्हा माझा प्रश्न बदलला : दृश्य कसं दिसणार हा निर्णय कधी झाला, आणि तो उशिरा बदलला तर भुर्दंड कोणी भरला?

दुसऱ्या भागासाठी कंत्राट बघावं लागतं. स्टुडिओ सहसा कामाची एक ठोक रक्कम ठरवतो. पुढे दिग्दर्शकाचं मत दहा वेळा बदललं तरी रक्कम तीच राहते, वाढतात फक्त रात्री. शिवाय एकच सिनेमा डझनभर कंपन्यांत वाटलेला असतो. मला वाटलं, झालं, सापडलं उत्तर! पिळलेला कारागीर म्हणजे वाईट काम.

आणि तिथेच ‘लाइफ ऑफ पाय’ आडवा आला. त्यातला वाघ बहुतेक प्रसंगांत संगणकाचा आहे, आणि तो निव्वळ अप्रतिम आहे. तो बनवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला ऑस्करच्या मंचावर इफेक्ट्सचं पारितोषिक घेताना बिल वेस्टेनहोफर कंपनीच्या अवस्थेबद्दल बोलायला लागले, तर ‘जॉज’चं संगीत वाजवून त्यांचा माईक बंद केला. बाहेर कलाकारांची निदर्शनं चालू होती. म्हणजे ठोक कंत्राट, कंपनीचं दिवाळं, आणि तरी उत्तम वाघ. माझा सिद्धांत कोसळला.

महिनाभर मी ते प्रकरण टाळलं, खोटं कशाला बोलू? मग निर्मितीची माहिती पुन्हा वाचली. अँग ली यांनी सिनेमा आधीच तपशिलात आखला होता, तैवानमध्ये लाटांचा मोठा टँक बांधला होता, संदर्भासाठी खरे वाघ चित्रित केले होते. निर्णय आधी झाले होते. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्या होत्या. वाघ पटतो की नाही, हे बऱ्याच अंशी निर्णयांच्या वेळेवर ठरतं. कंपनी जगते की मरते, हे कंत्राटावर. मी दोन्हींचं एकच गाठोडं बांधलं होतं. (स्कॉर्पियन किंग अजूनही या मांडणीत नीट बसत नाही. सगळ्यांच्या ओळखीचा माणसाचा चेहरा बनवणं ही वेगळीच अडचण आहे, त्याचं मला स्वतंत्र टिपण करावं लागलं.)

आपल्याकडे हा विषय दूरचा वाटेल, पण ऱ्हिदम अँड ह्यूजची कार्यालयं मुंबई आणि हैदराबादलाही होती. फ्रेममधल्या माणसाच्या कडा हाताने कापून काढायचं काम, ज्याला रोटो म्हणतात, भारतात मोठ्या प्रमाणावर होतं. सेकंदाला २४ फ्रेम्स, प्रत्येकीत केसांपासून बोटांपर्यंत. दिग्दर्शकाने शॉट बदलला की हे पुन्हा पहिल्यापासून.

सध्या मी सिनेमांच्या श्रेयनामावल्या थांबवून थांबवून वाचतोय. रोटो करणाऱ्यांची नावं बऱ्याचदा त्यात नसतात, त्यामुळे चौथ्या प्रकरणासाठी मुलाखतींशिवाय इलाज नाही. पुढच्या महिन्यात गोरेगावला पहिली मुलाखत ठरली आहे, रात्रपाळी संपल्यावर, सकाळी सातला.