अंबाडी, ताग आणि विजया

जुन्या इंग्रजी कागदपत्रांवरून स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला एखादा साधा शब्दही चकवतो. 'हेम्प' हा असाच एक शब्द. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कृषिलेखनात आपला ताग 'बॉम्बे हेम्प' या नावाने, तर अंबाडी 'डेक्कन हेम्प' या नावाने वावरते. 'इंडियन हेम्प' म्हणजे मात्र गांजा-भांगेचे झाड. लिनीअसने अंबाडीला दिलेल्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' हे विशेषण आहे, ते पानांच्या सारखेपणामुळे. प्रत्यक्षात या तिन्ही वनस्पती तीन निराळ्या कुळांतील आहेत. दोर वळण्यासाठी लावलेल्या अंबाडीच्या नोंदी वाचून साताऱ्यात गांज्याची शेते होती असा निष्कर्ष कोणी काढला, तर दोष कागदाचा नव्हे, वाचणाऱ्याचा.

खऱ्या भांगेचा औषधी इतिहास आपल्याकडे जुना आहे. शार्ङ्गधरसंहितेत 'व्यवायी' द्रव्यांचे, म्हणजे पचनाआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांचे, उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे येतात. पुढच्या ग्रंथांत तिला 'विजया' हे भारदस्त नाव रूढ झालेले दिसते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भांगेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. लोकभाषेने तिला 'तुळशीत भांग' या म्हणीत बसवले. ग्रंथातील विजया आणि म्हणीतील भांग या एकाच वनस्पतीच्या दोन प्रतिमा होत, आणि कोणतीही एक पुसली तर इतिहास लंगडा होतो.

१८९३ साली ब्रिटिश संसदेत उपस्थित झालेल्या प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. कमिशनने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरे, असा त्याचा थोडक्यात निष्कर्ष. परंतु आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याने केलेले कागदांचे परीक्षण. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे सर्रास लिहिलेले असे. कमिशनने अशी प्रकरणे तपासली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्या रकान्यामागे पुरावा नव्हता, केवळ समजूत होती. संहिताचिकित्सा शिकवणाऱ्यांनी हा धडा वर्गात जरूर सांगावा.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी सांगली हा जिल्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून 'सातारा' या नावाखालची प्रत्येक जुनी नोंद आजच्या कोणत्या भूभागाची, हे आधी ठरवावे लागते.

कमिशनच्या अहवालानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी चरसातून एक पदार्थ वेगळा केला व त्याला 'कॅनाबिनॉल' असे नाव दिले. नशेचे मूळ तेच, असा समज काही काळ राहिला. १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले आणि खरे मादक द्रव्य कोणते ते उलगडले. कॅनाबिनॉल हे बहुतांशी टीएचसीचेच जुने झालेले रूप. हवा आणि उजेड लागून साठवणीत ते तयार होते. सर्वांत आधी हाती लागलेले हे द्रव्य पुढे सर्वांत कमी परिचित राहिले.

आज हेच कॅनाबिनॉल झोपेचे औषध म्हणून परदेशी बाजारात विकले जाते. पुरावा मात्र तोकडा आहे. १९७० च्या दशकातील मोजक्या स्वयंसेवकांवरील प्रयोगात ते एकटे दिल्यावर गुंगी आली नाही, टीएचसीसोबत दिल्यावर वाढली. अलीकडील चाचणीत रात्री जाग येण्याचे प्रमाण काहीसे घटले, पण झोपेच्या एकूण प्रतीत निर्णायक फरक दिसला नाही. वेदना, दाह, जंतुसंसर्ग यांवरील गुणांची चर्चा अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. कॅनाबिडिऑल या त्याच्या भावंडाचे तसे नाही. अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांवर २०१८ साली अमेरिकेत त्याच्या औषधाला मान्यता मिळाली, ती रीतसर चाचण्यांनंतर.

प्राचीन ग्रंथात नाव आहे म्हणून आजचा दावा सिद्ध होत नाही, आणि जुन्या नोंदवहीत कलंक आहे म्हणून गुण खोटा ठरत नाही. 'विजया' हे नाव बाटलीवर छापून परंपरेची साक्ष काढणारा विक्रेता आणि कारणाच्या रकान्यात 'गांजा' लिहून मोकळा होणारा कारकून, दोघेही शब्दाला पुराव्याच्या जागी बसवतात. आजारी माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. शब्द कोणत्या वस्तूचा, कोणत्या काळचा आणि कोणाच्या हातचा, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय आमच्या विद्यार्थ्यांना लागली, तरी साहित्याच्या अभ्यासाचा समाजाला उपयोग काय, या नेहमीच्या प्रश्नाला थोडे उत्तर मिळेल.