तीन दरवाजा आणि लेकीचा वाटा

तटबंदीच्या शहरांची एक गंमत असते. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी मोठ्या खर्चाने तट बांधतात; कालांतराने तट जातो आणि माणसांना आत घेणाऱ्या वेशी तेवढ्या मागे राहतात. अहमदाबादचे असेच झाले आहे. सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्व काठी हे शहर वसवले. पुढे महमूद बेगड्याने १४८७ च्या सुमारास त्याच्याभोवती सुमारे सहा मैलांचा तट घातला. बारा दरवाजे आणि १८९ बुरूज अशी त्याची मोजदाद सांगतात. विसाव्या शतकात शहर फुगले आणि तटाचा बहुतेक भाग पाडला गेला. आता दरवाजे भर रस्त्यात उभे असतात आणि रिक्षा त्यांना वळसा घालून जातात. या जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तो मान मिळवणारे भारतातले हे पहिले शहर.

आम्ही उभयतां गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी तेथे जाऊन आलो. रात्री मुंबईहून गुजरात मेलने निघावे आणि सकाळी चहाच्या वेळेला अहमदाबादेत उतरावे, इतका सोपा प्रवास. पहिल्या दिवशी पाहण्याजोगे ते सारे रीतसर पाहिले. १४२४ साली पुरी झालेली जामा मशीद आणि तिच्यातले दोनशे साठ खांबांचे दगडी रान. १५७३ च्या सुमाराची सिदी सय्यदची मशीद आणि तिच्या जाळीत कोरलेले ते झाड, ज्याच्या फांद्या पाहून हा दगड आहे यावर विश्वास बसू नये. पोळांतूनही हिंडलो. पोळ म्हणजे एकाच वेशीच्या आत राहणाऱ्यांची आळी. मध्ये पाखरांसाठी चबुतरा, घरांना ओटले, आणि जुन्या वाड्यांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके. संध्याकाळी माणेक चौकात गेलो. दिवसा जेथे सोन्याचांदीचा व्यवहार होतो, तेथेच रात्री खाण्याची दुकाने मांडलेली.

पण मराठी माणसाने मुद्दाम थांबावे अशी जागा म्हणजे तीन दरवाजा. हा तटातला दरवाजा नव्हे. भद्र किल्ल्यातून निघालेली सुलतानाची स्वारी बाहेरच्या मैदानात यावी, म्हणून अहमदशहाच्या काळी बांधलेली ही तीन कमानींची राजवेस आहे. तिची एक कथा सांगतात. एका रात्री साक्षात लक्ष्मी शहर सोडून निघाली. कोतवाल ख्वाजा सिद्दीक याने तिला वेशीत अडवले आणि विनंती केली, “मी बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर आपण जाऊ नये.” लक्ष्मीने कबूल केले. कोतवाल गेला, आणि आपण परतलोच नाही तर लक्ष्मीलाही वचनात अडकून राहावे लागेल, हे ओळखून त्याने आपला प्राण दिला. लक्ष्मी तेथेच राहिली. तिच्या नावाचा दिवा दरवाजाच्या कोनाड्यात तेवतो आणि एक मुसलमान कुटुंब पिढ्यान् पिढ्या त्यात तेल घालीत आले आहे. कथा खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. दिवा खरा आहे.

त्याच दरवाजावर मराठी अमदानीतला एक शिलालेख आहे. १७५३ साली राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी मोमीनखानाने ते परत जिंकले. पण १७५८ पासून तेथे मराठ्यांचा अंमल पक्का बसला आणि १८१७ साली शहर इंग्रजांकडे जाईपर्यंत बहुतांशी टिकला. उत्पन्न पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेले असे. या अमदानीच्या आठवणी शहरात दोन-तीन ठिकाणी दिसतात. गायकवाड हवेली आहे, भद्रातले भद्रकालीचे देऊळ आहे. परंतु माझ्या मते सर्वांत मोलाची आठवण म्हणजे हा दगड. त्यावर १० ऑक्टोबर १८१२ ही तारीख आहे आणि तो बसवणाऱ्या सुभेदाराचे नाव चिमणाजी रघुनाथ असे आहे. आशय थोडक्यात असा: मुलीला बापाच्या मिळकतीतला तिचा वाटा विनाहरकत मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडील तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल. मुसलमान असेल तर अल्लाला आणि रसूलाला देईल.

फेरीवाल्यांच्या गर्दीत तो लेख मनाजोगता वाचणे जमले नाही. मी अर्थ सांगितला, तेव्हा ही बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, असा दगड उगीच नाही कोणी बसवत. कितीतरी जणी कचेरीत रडत आल्या असतील.”

इतिहासाची पुस्तके वाचून मला जे सुचले नव्हते ते तिला सुचले. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते, ती गोष्ट सर्रास चालू असते. आणि शास्त्रात मुलीला काहीच नव्हते असेही नाही. मुसलमानी शास्त्रात तिचा हिस्सा भावाच्या निम्मा, पण ठरलेला आहे. गुजरातेत चालणारा ‘व्यवहारमयूख’ नीलकंठभट्टांचा. हे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीत स्थायिक झालेले. या ग्रंथाने मुलीला आणि बहिणीला वारसा देण्यात इतर प्रांतांहून पुष्कळ उदारपणा दाखवला आहे. म्हणजे दोन्ही पोथ्यांत तिच्यासाठी काहीतरी लिहिलेले होते. पोथीतले घरात उतरत नव्हते. म्हणूनच बहुधा सुभेदाराने ती आज्ञा भर बाजाराच्या वेशीवर आणली. दंडाची भाषाही त्याने केली नाही. चार भिंतींच्या आत भाऊ बहिणीला काय सांगतो, हे कोणत्या सरकारला दिसते? तेथे साक्षीला देवच हवा.

परतीच्या गाडीत हिने आपली हकीकत सांगितली. सासरे वारले त्या वर्षी तिघी बहिणींना तालुक्याच्या गावी बोलावले होते. हक्कसोडपत्र तयारच होते. “कोणी रागावलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही,” ती म्हणाली. “कोणी विचारलंही नाही. सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. मग जेवण झालं, तिघींना लुगडी मिळाली. दादा चांगलाच आहे हो. पण एकदा विचारायला हवं होतं.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेही.

कायदा त्यानंतर पुष्कळ पुढे गेला आहे, हे सांगितले पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाची वारस ठरवले. महाराष्ट्राने १९९४ साली तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला आणि २००५ पासून तो सबंध देशाला लागू झाला. तरीही हक्कसोडपत्रे होतच असतात. त्यांतली काही आनंदाने केलेली असतील. माहेर तुटू नये म्हणून केलेली किती, याची मोजदाद कोणत्या दप्तरात सापडणार?

मुलगी जन्मली की आपण लक्ष्मी आली म्हणतो, सून आली तरी तेच म्हणतो. या दिवसांत तिच्या नावाने पणती लावतो. कोतवालाच्या कथेत लक्ष्मी थांबली ती तिला कोंडले म्हणून नव्हे. तिच्यापुढे हात जोडून कोणीतरी विचारले आणि शब्दासाठी प्राण वेचला, म्हणून ती थांबली. चिमणाजी रघुनाथाने नेमक्या त्याच दरवाजाची निवड का केली, हे दगड सांगत नाही. पण दिवा आणि दगड एकाच वेशीत आहेत, एवढे खरे. भाऊबीजेला बहीण ओवाळील, तेव्हा तबकात जे घालायचे ते भावाने हौसेने घालावे. ती ओवाळणी आहे. वाटा ही गोष्ट वेगळी. ती तबकात मावत नाही आणि तिच्यासाठी बहिणीला निदान विचारावे तरी लागते.