सर्व्हर डाउन (सिंधुदुर्ग जिल्हा)

ऑनलाइन सेवा खंडित होण्यास रूढ झालेली संज्ञा. मालवण, देवगड व वेंगुर्ले किनाऱ्यावर सर्व्हर, इंटरनेट, वीज आणि न आलेला ओटीपी या चारही अडचणींना ती सरसकट लावतात. त्यामुळे नुसत्या तक्रारीवरून बिघाड कुठला ते कळत नाही. पडद्यावर ५०३ हा आकडा आल्यास दोष पलीकडचा, म्हणजे सर्व्हरचा. पान उघडतच नसेल तर बहुधा अलीकडचा, म्हणजे आपल्या जोडणीचा.

पार्श्वभूमी : सरकारी सेवा क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सामाईक सर्व्हरवर नेण्याचा केंद्राचा मेघराज उपक्रम २०१४ चा. मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा पुण्यातून २०१५ मध्ये, ॲमेझॉनची मुंबईतून २०१६ मध्ये सुरू झाली. राज्याने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण स्वीकारले.

सातबारा : किनाऱ्यावरील सामान्य माणसाची ‘सर्व्हर डाउन’शी गाठ पडते ती मुख्यतः इथे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. प्रतीस १५ रुपये. कोकणातला सातबारा सामाईक खातेदारांच्या नावांनी लांबलेला असतो आणि त्यांतले बरेचसे मुंबईत. चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात येतात, रजा मोजकीच. महा ई-सेवा केंद्रात पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, तर काम पुढच्या खेपेवर जाते. पैसे वजा झाले पण प्रत उतरली नाही, ही तक्रार निराळी धरावी. पैसे घेणारी आणि अभिलेख देणारी यंत्रणा एक नसते. सातबाऱ्यावर पिकांची नोंद करण्याच्या, १५ ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीत माहिती मोबाइलवर भरून रेंज येईल तिथे पाठवता येते. ही सोय इतर प्रणालींत आधीच यायला हवी होती. सर्व्हरची क्षमता अपुरी की किनाऱ्यावरची जोडणी कच्ची, याबाबत एकमत नाही.

हमी व मदत : क्लाउड कंपन्या सेवा चालू राहण्याची हमी देतात. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हर सेवेची हमी ९९.९९ टक्के, म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४ मिनिटे २० सेकंद बंद चालते. हमी मोडल्यास पुढच्या बिलात सूट मिळते, तीही खातेदार संस्थेने मागितली तर. रोजंदारी बुडवून तालुक्याला आलेला अर्जदार या करारात कुठेच नाही. फुकटच्या पातळीवर ॲमेझॉनचा मदतकक्ष बिल व खात्याच्या तक्रारी घेतो, तांत्रिक नाही. सेवा चालू की बंद हे सांगणारे पानही भरवशाचे नसते : २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस३ साठवण सेवा एका चुकीच्या आज्ञेमुळे काही तास कोलमडली, तेव्हा स्थितीफलक त्याच सेवेवर अवलंबून असल्याने बदलता येईना; कंपनीला ट्विटरवरून खुलासा करावा लागला.

वादळे : १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मनोरे मुके झाले. अशा वेळी मुंबईतला सर्व्हर धडधाकट असून मालवणात उपयोग नसतो.

मच्छीमारी : नौकानोंदणीही ऑनलाइनच, रिअलक्राफ्ट या राष्ट्रीय प्रणालीवर होते; त्यामुळे तिथेही हीच तक्रार उद्भवू शकते.