रात्रीची घरफोडी आणि महारवाडा

गावाची रात्रीची राखण वतनाने महाराकडे; त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर, कुडाचे. १८६० च्या दंडसंहितेचे कलम १०३ वाचताना मला हे आठवते. रात्री घर फोडणाऱ्याला, राहते घर पेटवणाऱ्याला अडवताना गरजेपोटी त्याचा जीव गेला, तरी तो गुन्हा नव्हे, असे ते सांगे. २०२३ च्या न्याय संहितेत तेच कलम ४१ झाले. कलम ९९ ची अट मात्र अवघड: सरकारी मदत मागण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. (वेशीबाहेरून चौकी किती लांब, हे कलमात नाही.) १९७८ साली नामांतराच्या वादात मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. कायदा तेव्हा घरवाल्यांच्या बाजूने होता. कित्येक घरवाले रानात लपले होते.