आगाऊ पैशाचें जेवण

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतूर तालुक्यांत, वाटूर हें गांव आहे. त्याच्या फाट्यावरून दरवर्षीं कितीतरी मुलें-मुली शिक्षणासाठीं जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला किंवा त्याहून दूर पुण्याला जातात. घर सुटलें कीं पहिला प्रश्न राहण्याचा आणि दुसरा जेवणाचा. शहरांत पाऊल टाकतांच या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर घेऊन कुणीतरी पुढें उभा असतोच : महिन्याचे पैसे एकदम भरा आणि कुपनांचें पुस्तक स्वस्तांत न्या, किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर, पांचशें रुपयांचें जेवण तीनशें रुपयांत घ्या, पण पैसे आजच द्या. असें कुपन विकत घेण्यांत खरोखर लाभ आहे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्या घरांत कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हातीं येईपर्यंत महिना मोजून काढावा लागतो, त्या घरांत तीनशें रुपयांचा हिशेब लहान नसतो. आणि हा प्रश्न वाटतो तितका नवाहि नाहीं. त्याच्यामागें शें-सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे.

शिजविलेलें अन्न विकूं नये, ही समजूत महाराष्ट्रांत फार काळ रूढ होती. परगांवच्या गरीब विद्यार्थ्यानें सात घरीं सात वार लावून जेवावें किंवा माधुकरी मागावी, ही पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणची रीत होती. त्या व्यवस्थेंत पैसा नव्हता, पण जातीचें बंधन होतें. ज्यांना त्या घरांचीं दारें बंद होतीं, त्यांना वारहि मिळत नसे आणि माधुकरीहि मिळत नसे. पैसे देऊन जेवण्याची सोय झाली तेव्हां या बंधनाला पहिला तडा गेला. मात्र बऱ्याच खानावळींच्या पंक्तींत भेद पुढेंहि कांहीं काळ टिकून राहिला.

पैशाच्या जेवणाला खरा विस्तार मिळाला तो मुंबईच्या गिरणगांवांत. मुंबईंतील पहिली कापड गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली आणि पुढील अर्धशतकांत परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरण्यांचें रान माजलें. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेला कामगार बायकामुलांना गांवीं ठेवून येई. त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय चाळींतल्या खानावळवाल्या बाईकडे असे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कामगार आधीं जेवत असे आणि पगार झाल्यावर पैसे देत असे. महिनाभराचें धान्य, तेल, सरपण यांचा भार बाई उचलीत असे. त्यासाठीं वाण्याची उधारी आणि सावकाराचें जबर व्याज तिच्या डोक्यावर असे. जेवणारा गांवीं गेला तर त्या दिवसांचा ‘खाडा’ धरून तितकी रक्कम वजा केली जाई. म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे द्यावयाचे नाहींत, असा या व्यवहाराचा न्याय होता. तो जेवणाऱ्याला सोयीचा, परंतु रांधणारीला जड होता.

हें ओझें कमी करण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचें कर्ज मिळवून देणें हें या संस्थेचें आरंभींचें मुख्य कार्य होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. तेव्हां ‘आधीं जेवा, मग द्या’ या रीतींतील धोका उघड्यावर आला. जेवणाऱ्याचा पगार बुडाला कीं त्याचें ताट वाढणारीचें भांडवलहि बुडे. खानावळवाल्यांना आगाऊ पैसे हवेसे कां वाटतात, याचें उत्तर या अनुभवांत आहे. त्यामागें नेहमीं लबाडीच असते असें नाहीं. पुष्कळदां तेथें उद्यांच्या पिठामिठाची चिंता असते.

मराठवाड्यांत हा प्रश्न जरा उशिरां आला. वाटूरचा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि उच्च शिक्षणासाठीं हैदराबादेची वाट धरावी लागे. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं मराठवाडा विद्यापीठाचें उद्‌घाटन झालें. त्यानंतर खेड्यांतील मुलगा मोठ्या संख्येनें शहरांत येऊं लागला, आणि त्याच्यामागोमाग वसतिगृहांचे भटारखाने, घरगुती डबे आणि ‘मेस’ आल्या. गिरणी कामगाराला महिन्याचा पगार होता. विद्यार्थ्याला तो नव्हता. म्हणून येथें व्यवहार उलटा झाला. पैसे आधीं आणि जेवण मागाहून, व त्याची खूण म्हणून कुपनांचें पुस्तक.

या पुस्तकाचा हिशेब एकदां नीट मांडून पाहावा. समजा, रोखीनें जेवलें तर एका ताटाला ७५ रुपये पडतात, आणि ६० जेवणांचें पुस्तक ३६०० रुपयांना, म्हणजे ताटामागें ६० रुपयांनीं मिळतें. ताटामागें १५ रुपये वांचतात. साठ जेवणांत ९०० रुपये. पण पुस्तकाची मुदत एका महिन्याची आहे आणि खाडा धरला जात नाहीं. ३६०० रुपयांत रोखीनें ४८ ताटें येतात. म्हणून ज्याचीं महिन्याला ४८ हून कमी जेवणें होतात, त्याला स्वस्त पुस्तक महाग पडतें. वाटूरचा मुलगा दर शनिवारीं दुपारीं जेवून गांवीं निघाला आणि सोमवारीं दुपारनंतर परतला, तर शनिवारची रात्र, रविवारच्या दोन्ही वेळा आणि सोमवारची दुपार अशीं चार जेवणें बुडतात. चार आठवड्यांत सोळा. उरलीं ४४. त्यांची रोखीची किंमत ३३०० रुपये. सवलत घेऊन त्यानें ३०० रुपये गमावले. तोच मुलगा एक आठवडा आड घरीं गेला तर आठ जेवणें बुडतात, ५२ होतात, आणि ३०० रुपये लाभ होतो. कुपन तेंच, मेस तीच, भाजीहि तीच. फरक पडला तो एस.टी.च्या फेऱ्यांनीं. म्हणून कुपन स्वस्त आहे कीं महाग, हें त्याच्यावर छापलेल्या आंकड्यावरून ठरत नाहीं. घेणाऱ्याच्या दिनक्रमावरून ठरतें.

सवलतीच्या चिठ्ठीचा दुसरा वंश परदेशांतून आला. अमेरिकेंतील अटलांटा शहरीं १८८७ च्या सुमारास कोका-कोलाचा एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वांटण्यांत आल्या. १८९४ ते १९१३ या काळांत सुमारें ८५ लक्ष पेले अशा चिठ्ठ्यांवर दिले गेले असें मानतात. येथें चिठ्ठी फुकट होती. गिऱ्हाइकानें आगाऊ कांहींच दिलें नव्हतें. पुढें एक शतक उलटल्यावर या कल्पनेला नवें वळण लागलें. २००८ सालीं शिकागो शहरांत ग्रुपऑन नांवाची कंपनी सुरू झाली. तिचा पहिला सौदा तिच्याच इमारतीच्या तळमजल्यावरील उपाहारगृहाचा होता : एका पिझ्झाच्या किंमतींत दोन. आतां चिठ्ठी फुकट राहिली नाहीं. ती स्वतःच विकाऊ माल झाली.

हिंदुस्थानांत हें वारें लवकरच पोंचलें. फेब्रुवारी २०१० मध्यें स्नॅपडील ही कंपनी सवलतीचीं कुपनें विकण्यासाठींच निघाली होती. इतर मालाच्या विक्रीकडे ती मागाहून वळली. ग्रुपऑननेंहि २०११ सालीं येथें पाऊल ठेवलें. सप्टेंबर २०१३ मध्यें कांद्याचे भाव गगनाला भिडले असतां या कंपनीनें ९ रुपये किलोनें कांदा देऊं केला, तेव्हां तीन हजार किलो कांद्याची विक्री अवघ्या ४४ मिनिटांत आटोपली. कांदा पिकविणाऱ्या महाराष्ट्राला त्यांतील गंमत आणि दुःख दोन्ही सांगावयास नकोत. अर्थात् तो भाव बाजाराचा नव्हता. तो जाहिरातीचा खर्च होता. सवलतीच्या प्रत्येक कुपनामागें असाच कुणाचा तरी खर्च दडलेला असतो. तो कोण सोसतो, हें पाहणें अगत्याचें आहे.

पुष्कळदां तो उपाहारगृहाचा मालक सोसतो. अशा सौद्यांतील नेहमींची रीत अशी कीं, मूळ किंमत निम्मी करावी आणि त्या निम्म्यांतील सुमारें अर्धा भाग कुपन विकणाऱ्या कंपनीनें घ्यावा. चारशें रुपयांचें जेवण दोनशेंत विकलें, त्यांतले शंभर कंपनीनें घेतले, म्हणजे मालकाच्या हातीं शंभरच आले. धान्य, तेल, भाजी व इंधन यांना १४० रुपये लागत असतील तर प्रत्येक ताटामागें ४० रुपये पदरचे गेले. नोकरांचा पगार निराळाच. दहा कुपनांचा हा ४०० रुपयांचा तोटा भरून निघण्यास त्या दहांपैकीं दोघे तरी पुन्हा पूर्ण किंमत देऊन जेवावयास आले पाहिजेत. ते येतात काय? अमेरिकेंतील राइस विद्यापीठाचे प्राध्यापक उत्पल ढोलकिया यांनीं २०१० सालीं १५० व्यावसायिकांची पाहणी केली. सुमारें दोन-तृतीयांशांना सौदा लाभाचा झाला आणि जवळजवळ एक-तृतीयांशांना तोट्याचा. त्यांत उपाहारगृहांची गत सर्वांत वाईट निघाली. ज्याला स्वतःचाच तोटा दिसतो तो मालक पुढें काय करतो, हें सांगावयास ज्योतिषी नको. ताट लहान होतें, कुपनवाल्याला कोपऱ्यांतली जागा मिळते, ‘आज गर्दी आहे, उद्यां या’ असें उत्तर येतें.

हा ताण एकदां उघडपणें फुटला. झोमॅटो कंपनीनें नोव्हेंबर २०१७ मध्यें वार्षिक वर्गणी घेऊन एका पदार्थावर दुसरा पदार्थ फुकट देण्याची योजना काढली. ऑगस्ट २०१९ मध्यें उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकारानें मालकांनीं अशा योजनांतून अंग काढून घेण्याची मोहीम सुरू केली, आणि शेंकडों उपाहारगृहें बाहेर पडलीं. कंपनीला नियम बदलून वापरावर मर्यादा घालावी लागली. वर्गणी वर्षाची भरली होती. नियम मात्र वर्षाच्या मध्येंच पालटले. आगाऊ पैसे देणाऱ्यानें हा धडा विसरूं नये. पैसे एकदां दिले कीं करारांतील बळ देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातीं जातें.

स्वस्त जेवणाला आगाऊ पैशांची अट असलीच पाहिजे, असें मात्र नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १९९५ सालीं एका रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली. ती टिकली नाहीं. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजना सुरू झाली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, दहा रुपयांत. आरंभीं या थाळीची किंमत शहरांत ५० आणि ग्रामीण भागांत ३५ रुपये धरलेली होती; वरची रक्कम सरकारनें द्यावयाची होती. येथें सवलतीचा खर्च कोण सोसतो हें उघड होतें, आणि जेवणाऱ्यानें जेवतांनाच पैसे द्यावयाचे होते. भुकेल्याला उपयोगी पडणारी सवलत ती हीच. ज्याच्याजवळ आज तीनशें रुपये शिलकीला नाहींत, त्याला पांचशेंचें जेवण तीनशेंत देऊं करणें ही थट्टा होय.

मग निर्णय काय? जो माणूस त्याच ठिकाणीं, तितक्याच वेळां, एरवींहि जेवलाच असता, त्याला कुपनानें खरा लाभ होतो. ज्याला दीडशें रुपयांचें जेवण पुरलें असतें आणि जो कुपनाच्या मोहानें तीनशें रुपये देतो, त्यानें दोनशें वांचविले नाहींत, दीडशें अधिक खर्चिले. तीनशें देऊन पांचशेंचें कुपन घेणाऱ्यानें एवढें तरी पाहावें कीं, अशीं पांच कुपनें घेतलीं तर त्यांतील तीनाहून अधिक आपल्या हातून वापरलीं जातील काय. तीनच वापरलीं गेलीं तर सवलत शून्य झाली; त्याहून कमी वापरलीं तर ती दंड ठरली. यावर मुदत कोणती, सणावारीं चालतें काय, पांच टक्के कर आंत आहे कीं बाहेर, आणि दुकान बंद पडल्यास पैसे कोण परत देणार, एवढे चार प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावें. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, ज्या सवलतीनें माल वा सेवा देण्याचा हेतूच नाहीं तिची जाहिरात करणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढें दाद मागतां येते. परंतु त्यासाठीं पावती हातीं हवी.

गिरणगांवच्या खानावळींत एक जुनी गोष्ट होती ती पुन्हा रूढ करण्यासारखी आहे : खाडा. जी मेस आगाऊ पैसे घेऊनहि आधीं कळविलेला खाडा धरते आणि उरलेलीं कुपनें पुढच्या महिन्यांत चालवून घेते, तिच्याकडे सवलत थोडी कमी असली तरी तीच निवडावी. तेथें रांधणारीला भांडवल मिळतें आणि जेवणाऱ्याचें न खाल्लेलें अन्न कुणी विकून खात नाहीं. शहरांत नव्यानें आलेल्या मुलानें पहिले पंधरा दिवस रोखीनें जेवावें, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक जेवणाची खूण करावी, आणि त्या खुणा मोजून मगच पुस्तक घ्यावें.