इअरस्पीकर आणि त्याचा डबा

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घ्यायचा म्हणून लोक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात, तेव्हा सगळी चर्चा हेडफोनची होते. तो चालवणाऱ्या डब्याबद्दल कुणी विचारत नाही. पुण्यात तापकीर गल्लीच्या मागे माझं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं दुकान आहे, तेव्हा माझी नजर आधी डब्याकडे जाणार हे खरं. पण या वस्तूचा साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः डब्याचाच इतिहास आहे, आणि हात आखडता असताना काय घ्यावं याचं उत्तरही त्यातच आहे.

साध्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो, कॉइल असते, कॉइलला जोडलेला पडदा असतो. इथे त्यातलं काही नाही. भोकं पाडलेल्या धातूच्या दोन चकत्या आणि त्यांच्या मधोमध ताणून बसवलेला एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, एवढंच. पडद्यावर काही शे व्होल्टचा स्थिर दाब ठेवतात, त्याला बायस म्हणतात. गाण्याचा सिग्नल दोन्ही चकत्यांना उलटसुलट पोचतो. एक पडद्याला ओढते तेव्हा दुसरी ढकलते. पडद्याला वजन जवळजवळ नसतंच आणि जोर सगळ्या पृष्ठभागावर सारखा पडतो. तानपुऱ्याची जोडी चांगली लागलेली असली, तर खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार या हेडफोनवर असा स्वच्छ वेगळा ऐकू येतो, की गायकाच्या आधी तोच ऐकत बसावं.

त्याचं मोल डब्यात मोजावं लागतं. मोबाइलच्या जॅकमधून जेमतेम व्होल्टभर सिग्नल निघतो आणि चकत्यांना शेकडो व्होल्ट लागतात. करंट अगदी थोडा, पण व्होल्टेज मोठं. ते देणारी पेटी शेजारी नसेल तर हेडफोन मुकाच.

कल्पना जुनी आहे. कंडेन्सर मायक्रोफोन ई. सी. वेंट यांनी १९१६ साली बनवला. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे तेच काम उलट्या दिशेने. अडत होतं ते पडद्यापाशी. पातळ आणि तरीही ताण सोसणारी पॉलिएस्टर फिल्म १९५०च्या दशकात बाजारात आली आणि वाट मोकळी झाली. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ साली विक्रीला आला. जपानमध्ये नाओताके हायाशी यांनी १९३८ साली सुरू केलेला कारखाना कंडेन्सर मायक्रोफोन आणि ग्रामोफोनचे कंडेन्सर पिकअप बनवत होता. पुढे स्टॅक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या या कारखान्याने १९५९ साली एसआर-१ हा हेडफोन दाखवला आणि पुढच्या वर्षी विकायला काढला. आपल्या मालाला ते हेडफोन म्हणत नाहीत, इअरस्पीकर म्हणतात.

स्टॅक्सचा मला सर्वांत आवडणारा डबा म्हणजे एसआरडी-७. याला अॅम्प्लिफायर म्हणता येणार नाही. घरात जो काही स्पीकरचा अॅम्प्लिफायर असेल त्याच्या स्पीकरच्या तारा याला जोडायच्या. पुढे हेडफोनची दोन सॉकेट आणि आवाज स्पीकरकडे पाठवायचा की कानाकडे, यासाठी एक खटका. आत डाव्या-उजव्या बाजूचा एकेक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि बायससाठी डायोड-कपॅसिटरची शिडी. मेन्सचं व्होल्टेज पायरीपायरीने चढवणारी ही शिडी म्हणजे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजमध्ये अणूचा गाभा फोडताना वापरलेल्या सर्किटचीच लहान आवृत्ती. शिडीच्या शेवटी मोठ्या किमतीचा रेझिस्टर असतो, म्हणून पडद्याकडे करंट नावालाच जातो. तरी हौस म्हणून हा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. याचाच एसबी हा प्रकार मेन्सला लावावाच लागत नाही. तो गाण्याच्या सिग्नलमधूनच बायस तयार करतो.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे गरिबाचा उपाय, असं महागड्या अॅम्प्लिफायरवाले म्हणतात. मला ते पटत नाही. कोअर चांगला आणि वाइंडिंग नीट असेल, मागे बऱ्यापैकी ताकदीचा अॅम्प्लिफायर असेल, तर हा डबा कुठेही कमी पडत नाही. नवा डबा घेण्याऐवजी घरातल्या अॅम्प्लिफायरला कामाला लावण्याची ही युक्ती कंपनीने स्वतःच गिऱ्हाइकाला दिली होती.

दुसरी युक्ती इलेक्ट्रेटची. सेस्लर आणि वेस्ट यांनी १९६२ साली बेल लॅब्जमध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन घडवला. यात चार्ज फिल्ममध्येच कायमचा मुरवलेला असतो, बायसचा पुरवठा लागत नाही. स्टॅक्सने एसआर-४० सारखे स्वस्त हेडफोन याच पद्धतीने काढले, सोनीनेही काढले. आज ते जुन्या बाजारात मिळतात, पण मी घ्या म्हणणार नाही. कायमचा म्हटलेला चार्जही दशकांनंतर ओसरतो आणि त्यावर दुरुस्ती नाही.

१९७९ साली स्टॅक्सचा चौकोनी पेटीसारखा लँब्डा आला. तोच आकार आजही चालू आहे. १९८०च्या दशकात स्टॅक्सने बायस २३० व्होल्टवरून ५८० वर नेला आणि त्याला प्रो नाव दिलं. जुन्या नॉर्मल प्लगला सहा पिना, प्रोला पाच. सहा पिनांचा प्लग प्रो सॉकेटमध्ये जातच नाही, म्हणजे कमी बायसच्या पडद्यावर चुकूनही ५८० व्होल्ट पडत नाहीत. उलट प्रो हेडफोन नॉर्मल सॉकेटमध्ये बसतो, वाजतो, पण दबका. जुना डबा आणि जुना हेडफोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणाऱ्याने बाकी सगळं सोडून आधी पिना मोजाव्यात.

अमेरिकेत कॉसने १९६८ साली ईएसपी-६ काढला आणि १९९० साली ईएसपी-९५०. हा हेडफोन डब्यासकटच मिळतो, बायस ६०० व्होल्ट, आणि तो अजून विकला जातो. जर्मनीत सेनहायझरने १९९१च्या सुमारास ऑर्फिअस केला, व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरसह जेमतेम तीनशे नग. त्याबद्दल लिहिलं फार जातं, पण आपल्यासारख्यांच्या घरात इलेक्ट्रोस्टॅटिक आणला तो लँब्डाने आणि कॉसने.

स्टॅक्सची जुनी कंपनी १९९५ साली बुडाली. कामगार-तंत्रज्ञांनी पुढच्याच वर्षी नवी उभी केली, आणि २०११ साली ती चीनच्या एडिफायरने घेतली. एवढ्या उलथापालथीतही एक गोष्ट टिकली: पहिल्या पायरीच्या गिऱ्हाइकासाठी हेडफोन आणि छोटा डबा एकत्र विकणं. एसआर-एल३०० आणि एसआरएम-२५२एस ही तशी जोडी. भारतातल्या काल्डास रिसर्चनेही आरआर१ कॉन्क्वेस्ट हा ५८० व्होल्टचा हेडफोन काढला, स्टॅक्सच्या प्रो डब्यावर चालणारा. आपल्या देशात कुणीतरी एवढा पातळ पडदा ताणून बसवतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

माझा सल्ला विचाराल तर पैसे कमी असताना बनवणाऱ्यानेच जुळवलेली जोडी घ्या. घरी चांगला स्पीकर अॅम्प्लिफायर आधीच असेल, तर लँब्डा आणि त्याच बायसचा एसआरडी-७. पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. दमट हवेत चार्ज गळतो आणि एका कानाचा आवाज बसतो.

आणि जपानहून आलेल्या कुठल्याही डब्याची मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथे मेन्स १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० वर थेट लावून जळालेली प्रायमरी माझ्या टेबलावर येते, तेव्हा वार्निशचा वास दुकानभर पसरतो आणि मालकाचं तोंड बघवत नाही. २३० ते १०० चा स्टेप-डाउन, १०० व्हीएचा, या डब्यांना पुरतो. तो ऑटो नको, दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. फ्रिक्वेन्सीची चिंता नाही. जपानच्या पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, म्हणून तिथला डबा दोन्हींसाठी बनवलेला असतो. अमेरिकेतून आणलेला, नुसता ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या ५० वर जास्त तापतो. त्याला कोअर मोठा लागतो, आणि तो मी नवा गुंडाळून देतो.